कोकम आगळाचं लेबल: क्लायंटची गरज धरून विद्यार्थ्याने डिझाइन प्रकल्प कसा आखावा

"आम्हाला एक चांगला लोगो करून द्या," असं बचत गटाच्या अध्यक्षताई म्हणाल्या आणि माझी विद्यार्थिनी खूश होऊन परत आली. उपयोजित कलेचं तिसरं वर्ष, बारा आठवड्यांचा प्रकल्प, खरा क्लायंट, सिंधुदुर्गातलं गाव, कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, आणि आमसुलं, म्हणजे वाळवलेली साल. पुढचे तीन आठवडे तिने कोकमाच्या फळावरून चाळीसेक चिन्हं काढली. चिन्हं देखणी होती. चौथ्या आठवड्यात ती पुन्हा गावी गेली तेव्हा आगळ भरायचं काम चालू होतं. एका काकींनी बाटलीवरून घसरलेलं जुनं लेबल तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाटली ओली असता, मगे ता लेबल रवतला कसा?"

गटाची खरी अडचण ती होती. एसटीतून मुंबईला पोचेपर्यंत बाटली बिननावाची व्हायची. घेणाऱ्याला आगळ आवडायचं, पण पुढच्या वर्षी फोन कुणाला करायचा हेच कळायचं नाही. या अडचणीवर चाळीस चिन्हांतलं एकही चिन्ह उपयोगाचं नव्हतं, आणि बारातले तीन आठवडे संपले होते.

असे प्रकल्प मी बरीच वर्षं बघतो आहे. प्रकल्पाची आखणी कॉलेजच्या सबमिशनच्या तक्त्यावरून न करता क्लायंटच्या कामाच्या दिवसावरून करावी, असं माझं ठाम मत आहे. आणि कसोटी एकच ठेवावी: तुम्ही निघून गेल्यावर ते काम त्यांना स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशात चालू ठेवता येईल का? खालची सगळी पद्धत या कसोटीतून आली आहे. उदाहरण कोकमाचं घेतलं आहे, कारण ते मला जवळून माहीत आहे. तुमचा क्लायंट पापडवाला असो, वाचनालय असो की गावातला दवाखाना, क्रम फारसा बदलत नाही.

आधी माणसं वेगळी करा

कागदावर चार नावं लिहा: काम सांगणारा, पैसे देणारा, वस्तू हाताळणारा आणि विकत घेणारा. विद्यार्थी या चौघांना मिळून "क्लायंट" म्हणतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. आमच्या उदाहरणात काम सांगणाऱ्या अध्यक्षताई. पैसे गटाच्या खात्यातून, म्हणजे सगळ्या सभासदांचे. हाताळणाऱ्यांत बाटल्या धुणाऱ्या, भरणाऱ्या आणि लेबल चिकटवणाऱ्या बायका, शिवाय खोका एसटीत टाकणारा आणि दुकानात मांडणी करणारा. विकत घेणारी दोन तऱ्हेची: मे महिन्यात आणि गणपतीला गावी येणारे चाकरमानी, ज्यांना आगळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच बाटली हातात घेणारे, ज्यांना सगळंच सांगावं लागतं.

या यादीत तुमचे परीक्षक नाहीत. त्यांना तुमचा विचार दाखवायचा आहे, पण बाटली त्यांच्यासाठी नाही. हे मनाशी पक्कं केलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

अंतिम शब्द कोणाचा, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बचत गटात निर्णय बहुधा मासिक बैठकीत होतो. ती बैठक महिन्यातून एकदाच असेल तर तुमची मंजुरीही महिन्यातून एकदाच मिळणार. वेळापत्रकात ही तारीख सर्वांत आधी लिहा.

भेटीला कधी जायचं

कोकमाची फळं साधारण मार्चअखेरपासून मेपर्यंत पिकतात, आणि वळवाचा पाऊस लवकर आला तर झाडावरचं फळ वाया जातं. साल वेगळी करून ती रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं दिवसेंदिवस केल्यावर आमसूल तयार होतं. आगळ मीठ घालून पिंपात ठेवतात आणि मागणीप्रमाणे बाटल्यांत भरतात. म्हणजे जुलैमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात तुम्हाला आमसुलं वाळताना दिसणार नाहीत, पण बाटल्या भरताना दिसू शकतील. जानेवारीच्या सत्रात उलट: शेवटच्या आठवड्यांत हंगाम ऐन भरात असेल आणि तेव्हा गटाला तुमच्याशी बोलायला पाच मिनिटंही मिळणार नाहीत.

म्हणून फोनवर "कधी येऊ?" असं विचारू नका. "बाटल्या भरायचं काम पुढे कधी आहे? त्या दिवशी मी मदतीला येते," असं म्हणा. हात चालू असताना माणसं जे सांगतात ते चटईवर बसून, चहा पीत दिलेल्या मुलाखतीत सांगत नाहीत.

जाण्यापूर्वी घरी एक संध्याकाळ अभ्यासाला द्या. बाजारातल्या पाच-सहा ब्रँडच्या आगळाच्या आणि कोकम सरबताच्या बाटल्या आणून टेबलावर मांडा. किंमत, मजकूर, झाकण, लेबलचा कागद, सगळं टिपून ठेवा. यात मला स्वतःला फार उशिरा लक्षात आलेली एक गोष्ट आहे: आगळ खारट असतं आणि सरबतासाठीचं अमृत कोकम गोड असतं, तरी अनेक लेबलांवर हा फरक नीट सांगितलेला नसतो.

पहिली भेट: काय विचारायचं, काय बघायचं

"तुम्हाला कसं डिझाइन हवं?" हा प्रश्न विचारू नका. समोरच्या माणसाला त्याचं उत्तर देता येत नाही, आणि दिलंच तर "चांगलं", "झगमगीत", "त्या अमक्या कंपनीसारखं" असं मिळतं. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल विचारा.

शेवटची बाटली कोणी घेतली? ती त्यांच्या घरी कशी पोचली? कोणी माल परत केला का, काय म्हणून? पुन्हा कोण मागवतं, आणि त्यांना तुमचा नंबर कुठून मिळाला? मागची लेबलं कुठे छापली, किती छापली, किती उरली? उरलेल्यांचं काय केलं? या शेवटच्या प्रश्नावर एका गटाने मला पलंगाखालून लेबलांचा गठ्ठा काढून दाखवला होता. किंमत छापलेली होती आणि भाव बदलला होता. किंमतीची जागा कोरी सोडायची, हे त्या गठ्ठ्याने शिकवलं.

तक्रारींबद्दल विचारताना घाई करू नका. आमच्या गटाला आठवलेली तक्रार अशी होती: प्रदर्शनात एका बाईंनी बाटली नेली, घरी जाऊन पाण्यात साखर घालून सरबत केलं, ते खारट झालं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाटली परत घेऊन आल्या. ताईंनी ही गोष्ट हसत हसत सांगितली. माझ्या विद्यार्थिनीने ती वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतली. पुढे लेबलच्या पुढच्याच बाजूला "सोलकढीसाठी, मीठ घातलेलं" ही ओळ आली ती या नोंदीमुळे. सगळ्या प्रकल्पात या एका ओळीने सर्वांत जास्त काम केलं, असं मला वाटतं.

बघायचं काय? एक पूर्ण फेरा: रिकामी बाटली येण्यापासून भरलेला खोका निघेपर्यंत. कोण कुठे बसतं, टेबल किती आहेत, उजेड कुठून येतो, लेबल चिकटवणाऱ्या काकींना चष्मा आहे का, हात कोरडे असतात का. सोबत मोजपट्टी न्या आणि बाटलीचा घेर, सरळ भागाची उंची, खांदा कुठे वळतो ते मोजा. भरायच्या खोलीत टेबल एकच होतं. बाटल्या त्यावरच धुतल्या जात, त्यावरच भरल्या जात आणि तिथेच लेबलही लागत. लेबल का निसटतं याचं उत्तर त्या एका टेबलात होतं.

फोटो काढण्यापूर्वी विचारा, आणि ते कॉलेजच्या सादरीकरणात दाखवणार आहात हेही सांगा. मिश्रणाचं प्रमाण हा गटाचा धंदा आहे. ते कळलं तरी प्रकल्पाच्या अहवालात लिहू नका.

मागणीतून गरज काढणं

भेटीहून आल्यावर त्याच रात्री वही उघडा. तीन रकाने करा: त्या काय म्हणाल्या, मी काय पाहिलं, त्यावरून गरज काय दिसते. "लोगो हवा" हे पहिल्या रकान्यात. "बाटली बिननावाची पोचते, पुढच्या वर्षी फोन येत नाही" हे दुसऱ्या. तिसऱ्यात: "घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात बाटली रिकामी होईपर्यंत नाव आणि फोन नंबर टिकला पाहिजे." तिसऱ्या रकान्यातली वाक्यं अशी हवीत की त्यांत अजून कोणतंही डिझाइन ठरलेलं नसेल. "पाण्यात न विरघळणारं स्टिकर हवं" हे उत्तर झालं, गरज नव्हे. नंबर बाटलीच्या काचेवर, झाकणावर किंवा गळ्यातल्या चिठ्ठीवरही टिकू शकतो. एवढी मोकळी जागा राहिली तरच पुढे विचार करता येतो.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली, तिच्यामागे या अहवालाची प्रेरणा होती. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं उदाहरण घेतलं आहे. लोटा करायचा तर कशाकशाचा विचार करावा लागेल? किती पाणी मावावं, ते डोक्यावरून न्यायचं की कमरेवरून की हातातून, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहील, धरणारा हात कोणाचा, ओतताना धार कशी पडेल, आतून घासता कसा येईल, किंमत काय, दुसऱ्या भांड्याला लागला तर आवाज कसा येईल, तो विकताना, देताना, जवळ बाळगताना कसं वाटेल. विद्यार्थ्यांना मी हाच सराव देतो: तुमच्या बाटलीबद्दल असे तीस प्रश्न लिहा. पहिले दहा पटकन सुचतात, पुढचे दहा भेटीच्या वहीतून येतात, आणि शेवटच्या दहांसाठी पुन्हा फोन करावा लागतो. तो फोन करा.

मग गरजांना क्रम लावा. सगळ्याच गरजा एका सत्रात भागत नाहीत. आम्ही तीन ठेवल्या: नाव आणि नंबर टिकणं, खारट-गोड हा गोंधळ थांबणं, आणि लेबल लावायचं काम दोघींनी एका संध्याकाळी उरकणं. लोगो चौथा राहिला. तो झाला, पण वरच्या तिन्ही गरजांच्या सोयीने झाला.

एक पानाचं कबूलपत्र

डिझाइनच्या भाषेत याला ब्रीफ म्हणतात. तो क्लायंटने द्यायचा असतो असा समज आहे. लहान क्लायंटच्या बाबतीत तो तुम्हीच लिहायचा असतो. मराठीत, एका पानात, आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचताना कोणाच्या कपाळाला आठी पडली तर तिथे थांबायचं.

आमच्या पानावर साधारण असा मजकूर होता:

"गट ७५० मिलीच्या काचेच्या बाटलीत आगळ विकतो. लेबल प्रवासात निसटतं आणि काही गिऱ्हाइकांना आगळ म्हणजे गोड सरबत वाटतं. या प्रकल्पात आगळाच्या बाटलीचं लेबल आणि गटाचं चिन्ह होईल. आमसुलांचं पाकीट, वेबसाइट आणि जाहिरात या प्रकल्पात नाही. लेबलचा छपाईसह खर्च नगामागे चार रुपयांच्या आत राहील. छपाईचा खर्च गट करेल, विद्यार्थिनी मोबदला घेणार नाही. दोन नमुने दाखवले जातील, निवडलेल्या नमुन्यात दोनदा बदल होतील. मजकूर, परवाना क्रमांक आणि वजन गट तपासून देईल. काम पूर्ण झाल्यावर चिन्ह आणि फायली गटाच्या मालकीच्या राहतील. विद्यार्थिनी ते काम स्वतःच्या संग्रहात दाखवू शकेल."

"या प्रकल्पात नाही" हे वाक्य लिहायला मुलं संकोचतात. ताई प्रेमाने जेवायला वाढतात, निघताना पिशवीत आमसुलं घालतात, आणि मग "जरा एक व्हिजिटिंग कार्डपण करशील गो?" याला नाही म्हणवत नाही. ते पान आधीच वाचलेलं असेल तर "हे झालं की पुढच्या सत्रात बघू या, ताई" एवढंच म्हणावं लागतं. कोणी दुखावत नाही.

मालकीचा मुद्दा तर टाळूच नका. चिन्ह कोणाचं, यावरून नंतर कटुता आलेली मी पाहिली आहे.

पैशाचं गणित डिझाइनच्या आधी

आकडे गटाकडून घ्या. इथले केवळ समजुतीसाठी. समजा बाटली २०० रुपयांना विकली जाते. दुकानदार ४० ठेवतो. कच्चा माल आणि मजुरी ८०, बाटली आणि झाकण २०, खोका आणि वाहतूक ३०. हातात राहिले ३० रुपये. चार रुपयांचं लेबल लावलं तर २६ राहतात. आता कोणी सुतळीत ओवलेली चिठ्ठी आणि छापील खोकं असं २२ रुपयांचं देखणं डिझाइन केलं, तर राहतात ८. वर्षाला ५०० बाटल्या धरल्या तर छपाईसाठी ११,००० रुपये आधी घालावे लागतात, तेही माल विकण्यापूर्वी. ज्या बायका महिन्याला ठरावीक रक्कम साठवून गट चालवतात त्यांच्यापुढे असं डिझाइन ठेवणं मला योग्य वाटत नाही, मग ते प्रदर्शनात कितीही उठून दिसो.

यासाठी छापखान्यात एक फेरी लवकर मारा, नमुना तयार होण्याच्या आधी. मालकांना विचारा: कमीत कमी किती नग छापाल? एका कागदावर या मापाची किती लेबलं बसतात? माप ५ मिलिमीटरने कमी केलं तर किती जास्त बसतील? कागदाचं क्रोमो स्टिकर आणि प्लास्टिकचं पीपी स्टिकर यांच्या दरात फरक किती? अनेकदा लेबलची उंची थोडी कमी केली की खर्च लक्षात येण्याइतका उतरतो, आणि ही गोष्ट कॉम्प्युटरसमोर बसून कधीच कळत नाही. आमसुलांसारख्या मालाला छापील पाऊच सुचवण्यापूर्वी लक्षात ठेवा की ग्रॅव्ह्युअर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि छापखाना मोठ्या संख्येशिवाय काम घेत नाही. लहान गटाला कोरं पाऊच आणि वर स्टिकर हेच परवडतं.

लेबलवर कायदा काय मागतो

हा भाग रुक्ष आहे, पण इथली चूक सर्वांत महाग पडते, कारण ती छापून झाल्यावर सापडते. पॅकबंद खाद्यपदार्थाला दोन नियमावल्या लागू होतात: २०११ चे वैधमापनशास्त्राचे आवेष्टित वस्तूंचे नियम आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबलिंगचे नियम. पदार्थाचं नाव, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचं नाव-पत्ता, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत, सर्व करांसह किंमत, पोषणमूल्यं, साठवणीची सूचना, तक्रारीसाठी संपर्क, आणि शाकाहारी पदार्थाचं चिन्ह, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल. अक्षरांची उंची किती असावी यालाही नियम आहेत. कोणत्या सवलती लागू होतात ते गटाच्या परवान्यावरून आणि सध्याच्या नियमांवरून तपासून घ्या; मागच्या वर्षीचं लेबल बघून तसंच उतरवू नका.

मराठी माणसाला चकवणारी एक गोष्ट: अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी जोडीला चालते, एकटी चालत नाही. म्हणजे लेबलच्या मागच्या बाजूला दोन भाषांना जागा लागणार. ही जागा पहिल्या कच्च्या आराखड्यातच राखून ठेवली नाही तर शेवटी अक्षरं मुंगीएवढी होतात.

"पित्तावर रामबाण" असं लिहायचा आग्रह होईल. कोकम पित्तावर घेतात हे घरोघरी माहीत आहे, तरी खाद्यपदार्थाच्या लेबलवर रोग बरा होण्याचा दावा करता येत नाही. तसंच सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण ते चिन्ह छापायचं तर गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. नोंदणी नसेल तर ती करून घ्यायला सुचवा आणि लेबलवर जागा ठेवा.

वेळापत्रक शेवटाकडून मांडा

गटाला माल कधी हवा ही तारीख आधी लिहा, सबमिशनची नंतर. चाकरमानी गणपतीला येतात. जुलैत सुरू झालेला प्रकल्प गणपतीपर्यंत पुरा होत नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगा आणि दिवाळीचं किंवा पुढच्या मे महिन्याचं लक्ष्य धरा. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गट जाणार असेल तर ती तारीख धरा.

तिथून मागे या. छपाईला एक आठवडा, त्याआधी प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा नमुना कागद, तपासायला आणि गावी पाठवून परत यायला एक आठवडा, त्याआधी मजकूर पक्का करायला एक. बारापैकी तीन आठवडे असे गेले. सुरुवातीचे तीन तयारी, भेट आणि कबूलपत्रात. राहिले सहा. त्यांतल्या दोन आठवड्यांत कच्चे नमुने, एकात चाचण्या, एकात दुसरी भेट, एकात बदल. एक आठवडा रिकामा ठेवा. तो रिकामा राहत नाही. पाऊस, रस्ता, कोणाच्या घरचं लग्न किंवा तुमचा ताप त्यात बसतो.

नमुना ओला करून बघा

मधल्या आठवड्यांतली सर्वांत आनंदाची कामं ही आहेत आणि मुलं नेमकी हीच टाळतात. घरच्या प्रिंटरवर लेबल काढून चिकटवलेली बाटली टेबलावर छान दिसते. तिला कामाला लावा.

खऱ्या कागदाचे तुकडे छापखान्यातून मागून आणा. एक ओल्या बाटलीवर लावा, एक कोरड्या, एक घाईत पुसलेल्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढा, बाटलीला घाम फुटू द्या आणि अंगठ्याने घासा. वरून आगळाचे दोन-चार ओघळ सोडा. आगळ आंबट-खारट असतं, त्याचा डाग लालसर पडतो; पांढऱ्या लेबलवर तो घाण दिसतो, गडद किरमिजीवर दिसतच नाही. आमच्या लेबलचा खालचा पट्टा किरमिजी झाला तो फळाच्या रंगामुळे नव्हे, ओघळ तिथे थांबतो म्हणून. आंबट-खारट मालाला पत्र्याचं झाकण गंजतं, हेही याच आठवड्यात लक्षात आलं आणि गटाने प्लास्टिकचं झाकण घेतलं.

चाचण्यांतून आणखी एक उपाय निघाला आणि त्याला एक पैसाही लागला नाही: लेबल बाटली भरल्यावर लावायचं नाही, धुऊन सुकवलेल्या रिकाम्या बाटलीला आदल्या संध्याकाळी लावायचं. टेबल तेव्हा मोकळं असतं, हात कोरडे असतात. काचेच्या बाटलीवर साच्याची एक उभी जोडरेघ असते. लेबलची कड त्या रेघेला लावली की चष्मा नसलेल्या काकींचंही लेबल सरळ लागतं. हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडलं नसतं.

वाचनाची चाचणीही घ्या. बाटली फळीवर इतर बाटल्यांत ठेवा आणि ज्यांनी ती पाहिलेली नाही अशा पाच-सहा जणांना हातभर अंतरावरून विचारा: हे काय आहे? गोड की खारट? फोन नंबर वाचून दाखवा. ते चुकले तर समजावून सांगायला जाऊ नका. दुकानात तुम्ही शेजारी उभे नसणार.

दाखवणं आणि ऐकणं

दोनच नमुने न्या, आणि दोन्ही खऱ्या बाटल्यांवर लावून. पाच नेले तर बैठक "ह्याचा रंग, त्याचं अक्षर" अशी भेळ मागते. आधी कबूलपत्रातल्या तीन गरजा वाचा, मग बाटल्या पुढे ठेवा, मग गप्प बसा. सर्वांत कमी बोलणाऱ्या बाईंना शेवटी विचारा. लेबल लावणाऱ्या बहुधा त्याच असतात. "लाल रंग नको" असं कोणी म्हटलं तर कारण विचारा. रंगाबद्दलच्या हट्टामागे कधी शेजारच्या गटाचं लेबल असतं, कधी जुन्या गिऱ्हाइकाची ओळख असते, आणि दोन्ही कारणं मानण्यासारखी असतात. कारण काहीच नसेल आणि गरज भागत असेल, तर त्यांचा रंग घ्या. बाटली त्यांची आहे.

छपाईला देताना

इथे थोडक्यात सांगतो. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी बाहेर वाढवलेला रंग; रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात; आणि सगळी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फाँटवर न ठेवता आकार म्हणून पक्की करून. देवनागरीच्या बाबतीत ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. अनेक छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरांवर काम चालतं. तुमची युनिकोड फाइल तिथे उघडली की वेलांटी सरकते, रफार उडतो, "निर्मिती"चं काहीतरी भलतंच होतं. म्हणून प्रूफ कागदावर मागा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. परवाना क्रमांकाचे चौदा आकडे दोघांनी वाचायचे, एकाने मूळ कागद बघून आणि एकाने प्रूफ बघून.

बॅच, तारीख आणि किंमत यांच्यासाठी कोरी चौकट ठेवा, आणि तेवढ्या भागावर लॅमिनेशन नको म्हणून सांगा. चकचकीत लॅमिनेशनवर रबरी शिक्क्याची शाई धरत नाही, बोट लागलं की पुसते.

सोपवून येणं

शेवटच्या भेटीत छापलेली लेबलं देऊन फोटो काढला की मुलं परततात. काम तिथे अर्धंच झालेलं असतं. गटाला हे मिळालं पाहिजे: छपाईची पीडीएफ आणि मूळ फाइल, दोन्ही पेनड्राइव्हवर आणि गटाच्या ईमेलवर, छापखान्याचं नाव, कागदाचा प्रकार, माप, नग आणि दर लिहिलेला कागद, शिक्का आणि शाई, आणि लेबल कसं लावायचं याचं मोठ्या अक्षरातलं एक पान, भिंतीवर चिकटवायला. अक्षरं मुक्त परवान्याची वापरा. मुक्ता, बालू, हिंद यांसारखे चांगले देवनागरी फाँट तसे उपलब्ध आहेत, त्यामुळे पुढे कोणी लेबल बदललं तर परवान्याचा किंवा पैशाचा प्रश्न येत नाही.

मग त्यांच्याच हाताने दहा बाटल्यांना लेबलं लावून घ्या आणि तुम्ही लांब उभे राहून बघा. कुठे अडलं तर लगेच सांगू नका, वहीत लिहा. पुन्हा छपाईला सांगायची वेळ आली तर कोणाला फोन कराल, असं गटातल्या दोघींना विचारा. तुमचं नाव घेतलं, तर छापखान्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून द्या आणि एकदा फोन लावून बोलणं करून द्या.

कॉलेजच्या अहवालासाठी वेगळं काही करायची गरज उरत नाही. तीन रकान्यांची वही, सहीचं कबूलपत्र, डाग पडलेले कागदाचे तुकडे आणि प्रूफवरच्या खुणा जशाच्या तशा लावा. त्या विद्यार्थिनीने सादरीकरणात चाळीस चिन्हं एका छोट्या पानावर ठेवली होती आणि घसरलेलं जुनं लेबल पहिल्या पानावर. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तिला ताईंचा फोन आला. लेबलं संपली होती, नवीन छापूनही झाली होती, आणि बॅचचा शिक्का कोणत्या कोपऱ्यात मारायचा एवढंच त्यांना एकदा विचारून घ्यायचं होतं.